सात नंबरच्या गावची साडेनऊची गाडी

सोमवार, २ फेब्रुवारी. पुणे ते धुळे. हजर: मी; सोहोनी सर, आमच्या संस्थेतले आकडेवारीचे माणूस, नोकरीची दीड वर्षं उरलेली, गुडघे मात्र आधीच निवृत्त; दीपाली, धुळ्याची, अर्थशास्त्रात एम.ए., घरात अहिराणी बोलणारी. आणि नाना, आमची गाडी चालवणारे, तेही धुळ्याचेच. गैरहजर कोणी नाही.

आमच्या अभ्यासाचं नाव दोन ओळींचं आहे, ते इथे देत नाही. गाभा एवढाच: खान्देशातल्या गावातला माणूस वस्तू आणायला कुठे जातो, कशावर बसून जातो आणि त्या जाण्यायेण्यात पेट्रोल, डिझेल, वीज किती जळते. रस्ते सुधारले, बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, मोबाइलवर मागवलेली पार्सलं फाट्यापर्यंत येऊ लागली. मग गावातल्या दुकानाचं काय झालं, ते बघायचं होतं. जानेवारीत आमच्या मोजणीदारांनी निवडक गावांत बसून माणसं, गाड्या, दुकानं मोजली होती. ती मोजणी खरी आहे का, ते तपासायला आम्ही चौघं निघालो होतो. पाच दिवस, शुक्रवारी परत. घरी फ्रिजवर नवऱ्यासाठी शुक्रवारपर्यंतची यादी चिकटवली होती: गॅसचा नंबर, इस्त्रीवाल्याचा वार, कुंड्यांना पाणी. शनिवारपासून पुढे माणूस रामभरोसे.

धुळ्यात पोचलो तेव्हा चार वाजले होते. आधी कामाची बैठक, मग जेवण, असं मी ठरवलं होतं. नानांनी गाडी सरळ खानावळीसमोर उभी केली.

"नाना, बैठक आधी आहे."

"मॅडम, बैठक थंडी व्हत नही. शेवभाजी व्हस."

शेवभाजी आली ती लाल तर्रीने झाकलेली. आमच्याकडे पुण्यात भाजीवर तेल दिसलं तर वाढणारा माफी मागतो; इथे दिसलं नाही तर खाणारा तक्रार करतो. सोहोनी सरांनी वाढणाऱ्याला "मध्यम तिखट" असं सांगितलं होतं. त्यांचे डोळे भरून आले तसे नाना म्हणाले, "सर, आमच्याकडे दोनच प्रकार. तिखट, नाहीतर उपास."

मंगळवार, सावदा

पूर्वेकडे, जळगाव ओलांडून भुसावळच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंना केळी सुरू होतात आणि मग संपतच नाहीत. आमच्या यादीत "बाजार समिती, सकाळी नऊ" असं लिहिलेलं होतं. पण माल बाजारात येतच नाही, ट्रकच शेताच्या बांधापर्यंत जातो, हे आम्हाला वसंतभाऊंनी सांगितलं. वसंतभाऊ म्हणजे तिथले केळीवाले शेतकरी. आमच्या जानेवारीच्या यादीतलं पहिलं घर. त्यांनी आम्हाला बागेतच नेलं. एक जण कोयत्याने घड उतरवत होता, दुसरा तो खांद्यावरच्या गादीवर झेलून ट्रककडे पळत होता. ट्रकमध्ये वाळक्या पानांचा थर, त्यावर घड, पुन्हा पानं. माल दिल्लीकडे जाणार होता.

मी विचारलं, "ट्रक परत येताना काय आणतो?"

"जे भेटलं ते. काही भेटलं नही त हवा आनतो," वसंतभाऊ म्हणाले. "मॅडम, ट्रक थांबला त थांबून राह्यतो. केळी थांबत नही. ते गाडीतच पिकून राह्यते."

पंपाची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, असं त्यांनी सांगितलं; म्हणून बांधावर सौर पट्ट्या बसवल्या होत्या. त्या बघायला सोहोनी सर बागेतून आडवे घुसले आणि नुकत्याच कापलेल्या दांड्याचा चीक त्यांच्या पांढऱ्या पँटवर सांडला. आधी तो पाण्यासारखा दिसला. दुपारपर्यंत मांडीवर तपकिरी नकाशा उमटला होता.

"लिंबू लावू का?" सरांनी विचारलं.

आम्ही वसंतभाऊंच्या घरी पोचलो होतो; आतून त्यांच्या बायकोचं उत्तर आलं, "काही लावू नका, दादा. आता ते पँट केळीचंच झालं."

दुपारी त्याच घरी भरीत, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि वर कच्च्या तेलाची धार. भरताची हिरवी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजलेली होती. मी वहीत जळणाच्या रकान्यात तेही लिहिलं. गॅस होता, तोही लिहिला. भरतासाठी गॅस कोणी लावत नाही, असं कळलं. एकाच घरात दोन जळणं, दोन कामांना. आमच्या अर्जात "मुख्य इंधन" यापुढे एकच चौकट आहे. ती दोन करायची, अशी नोंद केली.

बुधवार, सात नंबरचं गाव

पाहणीतल्या गावांची नावं आम्ही छापत नाही, त्यांना नंबर असतात. तो नियम मी इथेही पाळते. एरंडोल आणि भडगावच्या मधल्या पट्ट्यात, गिरणेपासून फार लांब नाही, एवढं पुरे. हमरस्त्यावरच्या फाट्यापासून गाव सहा किलोमीटर आत. एसटी दोनदा येते: सकाळी सातला शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी, आणि साडेनऊला. साडेनऊची गाडी तालुक्याला जाते आणि संध्याकाळी साडेपाचला परत येते.

या गावाबाबत एक गोष्ट आम्ही निघण्याआधीच होऊन गेली होती. तालुक्याच्या आगारात नवं वेळापत्रक बसत होतं. त्यांनी आमच्याकडे तात्पुरते आकडे मागितले आणि आम्ही दिले. आमच्या तक्त्यात सात नंबरच्या साडेनऊच्या गाडीला माणसं अगदी कमी होती आणि मोठ्या बायका जवळजवळ नव्हत्याच. सोहोनी सरांनी शेरा लिहिला होता: "फेरी विलीन करण्यास हरकत नाही." खाली माझी सही.

पार गावाच्या मधोमध, एसटीचा थांबा पाराला लागूनच. पारावर पाच-सहा म्हातारे बसले होते, त्यांत सगळे ज्यांना आबा म्हणतात ते मध्यभागी.

"आबा, गाडीला गर्दी असते का?"

"गाडीले कोन बसस आते?" आबा म्हणाले. "बठ्ठास्ना घर मोटरसायकल शे."

सगळ्यांच्या घरी मोटरसायकल, म्हणजे तक्ता बरोबर, असं मी मनात म्हटलं आणि दुकानांच्या यादीकडे वळले. गावात दोन दुकानं. एक मोठं, त्याला कंपन्यांच्या गाड्या माल पोचवतात. दुसरं रेखाताईंचं. घराच्या पुढच्या खोलीत, तीन फळ्या आणि एक काचेचं कपाट. साडीचे फॉल, मॅचिंग ब्लाऊजपीस, सगळ्या रंगांची रिळं, हुक, टिकल्या, आणि पोरांसाठी बिस्किटं. फ्रिजही होता.

"रोज किती तास चालतो?" दीपालीने अर्जातला प्रश्न विचारला.

"चालत नही. उन्हाळ्यात पेप्सीकांड्यांसाठी लावते. आता बंद," रेखाताई म्हणाल्या आणि दार उघडून दाखवलं. आत बिस्किटांचे पुडे ओळीने लावलेले. "उंदरांपासून वाचतात."

आतल्या खोलीतून त्यांच्या सासूबाई, अक्का, ओरडल्या, "पाहुनास्ले फ्रिज कसाले दखाडस? पानी दे आधी!"

पाणी आलं, चहा आला. मग पुढचा प्रश्न: माल कुठून, कशाने आणता?

"तालुक्यातून. साडेनऊच्या गाडीने. आठवड्यात तीनदा, आणि मंगळवारी बाजाराला तर नक्कीच."

मी वही उलटून जानेवारीचा तक्ता काढला. मोजणी आठवडाभर झाली होती. "रेखाताई, आमच्या नोंदीत तुम्ही एकदाही गाडीत चढलेल्या नाहीत."

त्या माझ्याकडे, मग दीपालीकडे बघून हसू लागल्या. "तुम्हना मानसे कोठे बसेल व्हतात? पारवर ना? मंग त्यास्ले आम्ही कशा दिसतीन?"

दीपालीने समजावून सांगितलं ते असं. पारावर सासरे, चुलतसासरे, थोरले दीर बसलेले असतात. गावच्या लेकी पाराजवळ बिनदिक्कत चढतात. सुना चढत नाहीत. त्या मागच्या गल्लीने निघतात आणि गावाबाहेरच्या वळणापुढे जी मोरी आहे, ओढ्यावरचा छोटा पूल, तिथे गाडीत बसतात. उतरतातही तिथेच.

"अजून एवढी बंधनं आहेत?" सोहोनी सरांनी जरा खालच्या आवाजात विचारलं.

"बंधनं कसली, सर?" रेखाताई म्हणाल्या. "पारावर चढायचं म्हणजे सगळ्यांना हिशेब द्यायचा. कोठे चालनी, कसाले चालनी, कव्हय येशी? मोरीवर कोनी इचारत नही. अर्धा तास आधी जाऊन बसतो आम्ही. तेवढ्याच गप्पा."

आता माझी चूक सांगते, कारण ती दुसऱ्या कोणाचीच नव्हती. मोजणीदारांसाठीच्या सूचना मी लिहिल्या होत्या. सूचना चौथी: थांब्यापासून पन्नास पावलांपलीकडे चढणाऱ्यांना मोजू नये. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून मी ती घातली होती, आणि तिच्याबद्दल मला थोडा अभिमानही होता. मोजणीदारांनी ती तंतोतंत पाळली होती.

मी सरळ सांगून टाकलं, की साडेनऊची फेरी बंद होण्याच्या यादीत आहे आणि ती आमच्या आकड्यांमुळे. रेखाताईंचं हसणं थांबलं. त्यांनी फळीवरचं एक रीळ उचललं आणि परत जागेवर ठेवलं.

"सातच्या गाडीने मी कशी जाऊ? पाणी, स्वयंपाक, डबे. आणि ती परत येते दोन वाजता, तोवर होलसेलवाल्याकडची गर्दीच ओसरत नाही. फाट्यावरून बाकीच्या गाड्या आहेत, पण पोतं डोकावर लईसन सा किलोमीटर कोन चालई?"

"घरी मोटरसायकल नाही?"

"शे ना. पन ती त्यास्नासंगे वावरमा ऱ्हास." नवऱ्याबरोबर ती शेतात असते. मग माझ्याकडे रोखून बघत त्या म्हणाल्या, "गाडी बंद व्हयनी तं मन्हं दुकान बंद. तुम्हीच लिखं ना? मंग तुम्हीच खोडा."

गुरुवार, मोरी

खोडायचं तर आधी मोजायला हवं. दीपालीला मोरीवर उभं केलं, मी पाराजवळ. साडेनऊची गाडी नऊ पस्तीसला आली. ड्रायव्हर चहाला उतरला. पाराजवळ सहा जण चढले आणि सातवी मी. वळण घेतल्यावर गाडीचा वेग आपोआप कमी झाला. कोणी घंटी वाजवली नाही, कोणी हात केला नाही. निंबाच्या सावलीतून बायका उठल्या, पिशव्या उचलल्या आणि ओळीने चढल्या. डोक्यावरचे पदर गाडीत पाय ठेवताच खांद्यावर आले. दीपालीने एकोणीस मोजल्या, मी आतून एकोणीस मोजल्या.

कंडक्टर मशीन घेऊन फिरू लागला. "फाटा, अर्धं. फाटा, अर्धं."

"यांना गावाचं तिकीट का देत नाही?" मी विचारलं.

"मॅडम, मोरी भाड्याच्या पुढच्या टप्प्यात येते ना. टप्पा तिथे बदलतो. नियमाने फाट्यापासूनच निघतं."

म्हणजे मशीनमध्येही या बायका फाट्याच्या. आणि फाट्यावर तर दर थोड्या वेळाने कोणती ना कोणती गाडी आहे. तिथल्या प्रवाशांसाठी ही फेरी कशाला हवी, असं कागद बघणाऱ्याला वाटणारच. आमचा तक्ता आणि त्यांचं मशीन, दोघांनी मिळून एकोणीस बायका गावातून पुसून टाकल्या होत्या.

माझ्या शेजारी बसलेल्या एक थोराड बाई माझ्या वहीत डोकावल्या. "काय लिखतस वं माय?"

"तुम्ही किती जणी, ते."

"मंग मना पाय दुखतस ते बी लिखी ले."

मागून कोणीतरी म्हणालं, "तिन्हा पायस्ले फुल तिकीट लागस!" आणि गाडीभर हसू पसरलं.

तालुक्याला बायका चारी दिशांना पांगल्या. कोणी कापसाच्या गादीचं कापड बघायला, कोणी बँकेत, कोणी चष्म्याचा नंबर काढायला, दोघी नुसत्या बहिणीला भेटायला. रेखाताईंनी होलसेलच्या दुकानात रंग जुळवायला पाऊण तास घेतला. त्यांच्या पर्समध्ये गावातल्या बायकांच्या साड्यांचे कापलेले दोरे होते, प्रत्येक दोऱ्याला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नाव. मी इतकी वर्षं याद्या करते. इतकी नेमकी यादी मी क्वचित पाहिली आहे. मोबाइलवर मागवलेला ब्लाऊजपीस रंगाला कधी लागत नाही, म्हणून हे दुकान टिकलं आहे, आणि रंग जुळवायला दुकानदारीण स्वतः जाऊ शकते म्हणून ते टिकलं आहे. सोहोनी सरांना मी हे संध्याकाळी सांगितलं. त्यांनी अहवालासाठी लिहून घेतलं आणि मग स्वतःचा शेरा काढून त्यावर आडवी रेघ मारली.

शुक्रवार, आगार

वाहतूक बघणारे साहेब वक्तशीर आणि सभ्य होते. त्यांनी आमचाच तक्ता माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, सही तुमची आहे."

"हो. चुकीवर आहे. बदलायला आले."

मी टप्प्याची गोष्ट सांगितली. त्यांनी मशीनची नोंद काढून फाट्याचा आकडा बघितला. मग म्हणाले, "असं करू. मोरीवर रीतसर विनंती थांबा देऊ, पाटी लावू. प्रवासी आपोआप गावाच्या खात्यात येतील. सरपंचांचं पत्र आणा."

हे इतकं सरळ आणि झटपट होतं, की मी खुशीत परतले. रेखाताईंच्या पुढच्या खोलीत सात-आठ जणी जमल्या होत्या. पाटीचं ऐकताच एकदम गलका झाला.

"नको वं माय!"

"पाटी लागनी म्हंजे आबा बी तठे येईसन बसतीन!"

"आज पाटी, सकायदिन बाक, परवा पत्रा. मंग आम्ही कोठे जावानं? फाट्यावर?"

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघून मी विचारलं, "अक्का, तुमचं काय म्हणणं?"

"मी बी चाळीस वर्स मोरीवरच चढनू," अक्का म्हणाल्या. "मी पाटी लावू देवाव नही."

साहेबांना फोन केला. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "ठीक आहे, पाटी नको. पण मग मला आकडा हवा. सलग सात दिवस, पार आणि मोरी वेगवेगळं, बाजाराच्या दिवसासह. तुमच्या संस्थेच्या माणसाने मोजलेलं. एक मार्चपासून वेळापत्रक लागू होतंय. बुधवारी, अठरा तारखेला, माझ्या टेबलावर पाहिजे. तोवर ही फेरी मी बाजूला ठेवतो."

रेखाताई म्हणाल्या, "मोजायचंच ना? मी मोजते. वही द्या."

सोहोनी सरांनी मान हलवली. "ज्याची गाडी, त्याने मोजायचं नाही, रेखाताई. तुमच्यावर अविश्वास नाही. पण उद्या कोणी विचारलं तर तुमचाच आकडा पडेल."

मला पटलं. गुरुवारची मोजणी पहिली धरली; आज सकाळी मी आगारात असताना दीपालीने गाडीत बसून पार आणि मोरी दोन्ही मोजलं होतं, ती दुसरी. सरांना पुण्यात वर्ग होते, ते नानांबरोबर निघाले, पँटवरच्या केळीच्या नकाशासकट. मी आणि दीपाली राहिलो. घरी फोन केला.

"शुक्रवारी येणार होतीस," नवरा म्हणाला. "यादी संपली."

"कागद घे. सांगते."

शनिवार ते सोमवार

मुक्काम रेखाताईंकडेच. सकाळी मोरी, संध्याकाळी मोरी, मधल्या वेळात उरलेले अर्ज. अक्कांनी एक दिवस कढी-फुनके केले. तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके, त्यावर गरम कढी. आमच्याकडे पाहुण्याला दुसऱ्यांदा विचारतात, "घेणार का?" अक्का विचारत नव्हत्या, वाढत होत्या. नको म्हटलं तर म्हणायच्या, "तुम्ही खावा, मंग लिखा."

आकडे चांगले येत होते. रविवारी कमी, सोमवारी पुन्हा भरपूर. पारावरून आबांनी मला एकदा हटकलं.

"मॅडम, तुम्ही रोज तिकडे कोठे जातस?"

"फिरायला, आबा. साखर आहे मला."

साखर मला नाही. पाहणीत खोटं बोलायचं नाही, ही माझीच सूचना पहिली. ती मोडल्याची नोंद मी वहीत केली आणि कारणही लिहिलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी, बाजाराचा दिवस

सगळी मदार या दिवसावर होती. मंगळवारी मोरीवर जागा पुरत नाही, असं सगळ्याच म्हणत होत्या. मी शाळेच्या परीक्षा तपासल्या होत्या, ग्रामपंचायतीची सभा तपासली होती, एसटीची पाळी तपासली होती. लग्नाची तारीख मी विचारली नव्हती.

सकाळी आठलाच पारासमोर दोन ट्रॅक्टर आणि एक टेम्पो उभे. शेजारच्या गावात लग्न, आणि नवरदेव इथला. गावातल्या झाडून सगळ्या सुना जरीच्या साड्या नेसून, सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत, पारासमोरच ट्रॅक्टरमध्ये चढत होत्या. लग्नाला जाताना कोणी हिशेब विचारत नाही. रेखाताईंनी विकलेले फॉल एकूण एक साडीला लागलेले.

मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "ताई, माले वाटनं तुम्हले मालूम शे! हळदीचा डीजे ऐकला ना तुम्ही काल?"

ऐकला होता. डीजेचा आवाज मी वीजवापराच्या रकान्यात लिहिला होता.

साडेनऊची गाडी आली. पाराजवळ दोन म्हातारे चढले, आणि तिथे मोजणारी दीपाली. मोरीपाशी गाडी सवयीने थांबली. ड्रायव्हरने निंबाकडे बघितलं, कंडक्टरने बघितलं. मी एकटी वही घेऊन उभी.

"मॅडम, येताय का?" कंडक्टरने विचारलं.

"नाही. मोजतेय."

गाडी निघून गेली. दीपाली मोरीवर उतरली होती; तिने माझ्या वहीचं मागचं पान उलटलं. मग म्हणाली, "मॅडम, कालचा आकडा..."

"नाही, दीपाली."

मी मोरीपुढे शून्य लिहिलं आणि शेरा लिहिला: गावात लग्न. सोहोनी सरांना फोन केला. ते म्हणाले, "शून्य म्हणजे शून्य. पण तो बाजाराचा दिवस नव्हता, लग्नाचा होता. पुढचा मंगळवार घ्या." साहेबांनाही कळवलं. त्यांचं म्हणणं तेच: लग्नाचा दिवस धरायचा नाही, सतराचा मंगळवार चालेल, पण अठराची तारीख हलणार नाही.

पुण्याहून

बुधवारची मोजणी करून गुरुवारी मी परत आले. साडेपाचच्या गाडीचे तक्ते झाले, जळणाची दुसरी चौकट अर्जात आली, सूचना चौथी खोडून नव्याने लिहिली. दीपाली सोळा तारखेला धुळ्याहून निघून गावात येईल, मीही त्याच दिवशी पोचेन.

काल रेखाताईंचा फोन आला. मी पहिला प्रश्न विचारला तो सतराला कोणाचं लग्न आहे का, हा.

"त्या दिवशी अमावस्या, ताई. लग्न कुठलं? तुम्ही काळजीच करू नका. मी बठ्ठ्यास्ले सांगी ठेवस. पलीकडच्या गल्लीतल्याही आणते. चाळीस करून दाखवते मोरीवर."

"नाही, रेखाताई. कोणालाही सांगायचं नाही. ज्यांना तसंही बाजाराला जायचंय, त्यांनीच यायचं. नाहीतर तो आकडा मी लिहिणार नाही."

पलीकडे त्यांनी मिक्सर बंद केला.

"मंग कमी ऊन्यात तं?"

"कमी आल्या तर कमी लिहीन."

"आनि मी? मी तं येसु ना? माले रिळं आनानी शेतस."

"या. तुम्हाला एक मोजीन."

सात दिवसांच्या तक्त्यात सहा ओळी भरल्या आहेत. सातवी अशी आहे: मंगळवार, १७ फेब्रुवारी. बाजाराचा दिवस. पार: रिकामं. मोरी: रिकामं.